जहाजावर बाय-टू

एका ग्लासभर कलिंगडाच्या सरबतापायी मी अक्काला जवळजवळ गमावून बसले होते. बरं, ते सरबत काही दुर्मिळ नव्हतं. जहाजावरचं होतं, 'अनलिमिटेड' होतं, मागितलं असतं तर आणखी दहा ग्लास मिळाले असते. तरी त्या एका ग्लासासाठी मी खोटं बोलले. चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

अक्का आमची शेजारीण. म्हैसूरला कुवेंपुनगरात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत चाकरीला आले आणि परत जायचं विसरले, असं ती सांगते. आम्ही साताऱ्याहून आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे, ट्रकमध्ये कपाट आणि गाद्या घालून. पहिल्याच सकाळी ही बाई कुंपणावरून ओरडली, "नळाला नीरू आलंय, बेगा भरून घे!" मी बावळटासारखी बघत राहिले. नीरू म्हणजे पाणी आणि बेगा म्हणजे लवकर, हे कळेपर्यंत नळ गेला होता. मग तिनेच दोन कळश्या आणून दिल्या आणि वर म्हणाली, "शिकशील गं, मीही मराठी अशीच विसरले."

माझी आई गेली तेव्हा साताऱ्याला जायला कुठलंच तिकीट मिळेना. अक्काने आपल्या भाच्याला गाडी काढायला लावली आणि स्वतः माझ्याशेजारी मागे बसून आली. चौदा तास. वाटभर माझा हात मांडीवर धरून बसली. म्हैसुरात मला नातेवाईक कुणी नाहीत. अक्का आहे. म्हणून पुढचं सगळं मला इतकं लागलं.

आता बाय-टूचं सांगते. म्हैसूरच्या हॉटेलात दोघीजणी गेल्या आणि दोन कॉफ्या मागवल्या, तर त्या परगावच्या तरी असाव्यात, नाहीतर त्यांचं भांडण झालेलं असावं. इथे बाय-टू मागवायची. कॉफी एक, पेले दोन. तोंडाने मागायचीही गरज नसते, दोन बोटं वर केली की पुरे. याचे रीतिरिवाज कुठे लिहिलेले नाहीत, पण चुकलात तर लगेच कळतं. जास्त फेसाचा पेला वयाने मोठ्या माणसाचा. आपला पेला उचलताना दुसऱ्यात किती आहे ते बघायचं नाही, आणि नजर गेलीच तर ती दिसू द्यायची नाही. पुन्हा हवी झाली तर पुन्हा बाय-टू सांगायची. "मग दोनदा बाय-टू म्हणजे प्रत्येकीला एक पूर्णच झाली की," असं मी एकदा म्हटलं, तर अक्का म्हणाली, "अय्यो, कॉफीत कसलं गणित घालतेस? मजा गेली ना!" सकाळच्या फिरण्यानंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या आम्ही दोघी पंधरा वर्षं अशी अर्धी अर्धी कॉफी पीत आलो.

त्यातही अक्का पेला ओठाला लावत नाही. पाणी, ताक, वाफाळती कॉफी, सगळं वरून. डोकं मागे, पेला चार बोटं उंच आणि धार थेट घशात. थेंब सांडत नाही. ओठ लागला की उष्टं झालं. मी पेल्याला तोंड लावते म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून चिडवते, "तुम्ही साताऱ्याचे लोक भांडी चाटता कणे." तिचं कणे म्हणजे आपलं 'गं'.

आणि मी? मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा, असलं काम. नवरा म्हणतो, घरी आलीस की गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवत जा. नियम दिसला की मी तो वाचते, आणि वाचला की पाळते. माझ्यात खोट निघालेली मला सहन होत नाही. तेच नडलं.

आमच्या महिला मंडळाची सहल दरवर्षी नंजनगूडला नाहीतर तळकाडला जायची, चित्रान्न आणि दहीभाताचे डबे घेऊन. या वर्षी आमच्या अध्यक्षीणबाईंच्या डोक्यात जहाज शिरलं. चौदा बायका बसने कोचीला, तिथून जहाजावर तीन रात्री समुद्रात फिरून परत कोची. मी आणि अक्का एका केबिनमध्ये. नवरा म्हणाला, "जा, पण कॅप्टनच्या कामात चुका काढू नकोस."

जहाजावर चढतानाच एक मुलगी पट्ट्या विकत होती. मनगटावर बांधायच्या. लाल पट्टी म्हणजे दारूसकट काय हवं ते प्या, निळी म्हणजे दारू सोडून काय हवं ते प्या, कॉफी, ज्यूस, सरबतं, तीन दिवस अमर्याद. मंडळातल्या एकीने लाल पट्टीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण तिची सासूही सहलीला होती. शेवटी चौदा जणींत तिघींनीच निळी पट्टी घेतली. त्यातली एक मी. अक्काला विचारलं तर म्हणाली, "बेडा बेडा, नको मला. सकाळी अर्धी कॉफी, संध्याकाळी अर्धी. मला अनलिमिटेड घेऊन काय आंघोळ करायचीय? तुझ्यातलं देशील की मला."

पट्टीबरोबर एक कार्ड मिळालं. मागे बारीक अक्षरात नियम होते. अर्थातच मी सगळे वाचले. पेय फक्त पट्टीधारकासाठी. एका वेळी एकच. दुसऱ्याला दिल्याचं आढळल्यास पट्टी कापण्यात येईल. मी अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

"आपल्यासाठी."

"छे. चोरांसाठी असेल. मी कुठे चोरतेय? तू मला देतेस. देणं कुठे गुन्हा असतं का? तहानलेल्या माणसासमोर एकटीने बसून घटाघटा पिणं, तो गुन्हा. तो यांनी लिहिलाय का बघ."

तो लिहिला नव्हता.

पहिल्या सकाळी जेवणघरात यंत्रातली फुकट कॉफी होती. अक्काने ती हुंगली आणि "पापा" म्हणाली. कन्नडमध्ये पापा म्हणजे बिचारी. कप तसाच ठेवून ती उठली आणि वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या काउंटरवर जाऊन तिने सवयीने दोन बोटं वर केली. काउंटरवरच्या माणसाने दोन मोठे कप भरून ठेवले आणि दोन मनगटं बघायला मागितली. एक निळी पट्टी, एक काचेच्या बांगड्या. एक कप परत गेला. मग मी उरलेला कप घेऊन, कुणी बघत नाही ना बघत, डेकवर टांगलेल्या लाइफबोटीच्या आडोशाला गेले. मागून अक्का आली. तिने पिशवीतून घरून आणलेला स्टीलचा पेला काढला. पन्नाशीची क्वालिटीवाली आणि साठी उलटलेली अक्का, दोघी लाइफबोटीमागे वाकून कॉफी अर्धी करतोय! मी दर घोटाला मागे वळून बघत होते. अक्का मात्र खुशीत होती. "कॉफी बरी आहे," म्हणाली, "पण फेस नाही."

दुपारपर्यंत ही विद्या मंडळभर पसरली. मनगटं तीन आणि घसे चौदा. कुणी सांगितलं नव्हतं, पण तासाभरात शिष्टाचार तयार झाले. 'देतेस का?' असं कुणी विचारायचं नाही, शोभत नाही. विचारायचं, "कसं आहे गं?" यावर पट्टीवालीने "छान आहे" एवढंच म्हटलं तर ती कंजूष. तिने म्हणायला हवं, "बघ ना घेऊन." मग समोरचीने आधी दोनदा "नको गं" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ग्लास घ्यायचा. पहिला घोट पट्टीवालीचा, कारण शेवटी पट्टी तिची. सगळ्यांनी वरून प्यायचं. आणि ग्लासात खोचलेली कागदी छत्री जिला एकही घोट मिळाला नाही तिला द्यायची. त्या छत्र्यांवर सगळ्यांचाच डोळा होता, दसऱ्याला बाहुल्यांच्या मांडणीत लावायला. संध्याकाळपर्यंत मी अननस, पेरू, कोकम असं काय काय मागवलं, आणि त्यातले फार तर पाच घोट माझ्या पोटात गेले. दर वेळी मी म्हणायचे, "अगं नियम आहे," आणि दर वेळी द्यायचे. नियम मोडल्याची टोचणी मला, आणि सरबत त्यांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळ खालच्या हॉलमध्ये तंबोला खेळायला गेलं. अध्यक्षीणबाई केबिनमध्ये आडव्या होत्या, जहाज त्यांनी ठरवलं आणि जहाजच त्यांना लागलं. मी आणि अक्का वरच्या डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. मी कलिंगडाचं सरबत आणलं, दोन घोट घेतले आणि अक्काच्या हातात दिलं. मीच दिलं. "घे, गार आहे," असंही म्हटलं. हे मी ठासून सांगते, कारण पुढे काय झालं ते ऐका.

अक्काने डोकं मागे टाकलं, ग्लास उंच धरला आणि धार सोडली. नेमकं तेव्हाच जहाज कलंडलं. थोडंसंच, पण साठ वर्षं स्थिर जमिनीवर केलेला नेम चुकवायला तेवढं पुरलं. अर्धं सरबत अक्काच्या कपाळावर, तिथून कानात, पदरावर. आणि उरलेलं शेजारी पांढरा सदरा घालून पेंगणाऱ्या एका गृहस्थांच्या पोटावर. ते "अरे अरे अरे!" करत उठले. लोक वळून बघायला लागले, कुणीतरी हसलं. आणि पांढऱ्या गणवेशातला एक साहेब पंचा घेऊन धावत आला.

पंचा देता देता त्याची नजर अक्काच्या मनगटावर गेली. मग माझ्या.

"मॅडम, ये ड्रिंक आपका था?" त्याने मला विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, माझा स्वभावच तसा आहे. पण तो सभ्यपणे म्हणाला, "आपने इनको दिया?" आणि त्याच्या हातात एक छोटी कात्री होती. ती मला फार मोठी दिसली. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या कामात कुणी बोट ठेवलं नाही, आणि आता सगळ्या डेकसमोर माझी पट्टी कापणार. माझ्या तोंडून निघालं, "मैंने नहीं दिया. इन्होंने ले लिया."

इन्होंने. जणू बसमध्ये शेजारी बसलेली कुणी अनोळखी बाई.

अक्काने तोंड पुसणं थांबवलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग त्या साहेबाकडे वळून आपल्या म्हैसुरी हिंदीत म्हणाली, "हां सर, मेरा ही गलती. ये तो मना किया था. मैं ही लिया. सॉरी." तो साहेब हसला, "कोई बात नहीं माताजी, दोबारा मत कीजिए," म्हणाला आणि कात्री खिशात घालून निघून गेला. माझी पट्टी शाबूत राहिली.

मी म्हटलं, "अक्का, अगं, तो एकदम आला ना, मला सुचेनाच..."

"आय्तु," ती म्हणाली. झालं, संपलं. उठली आणि साडी बदलायला गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. अक्का भांडली की मला ऊब येते. पण ती गोड बोलायला लागली. केबिनमध्ये म्हणाली, "तुम्ही आधी आंघोळ करून घेता का? मला घाई नाही." पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'! शेवटच्या दिवशी सकाळी बघते तर तिच्या मनगटावर स्वतःची निळी पट्टी. कॉफीच्या काउंटरवर तिने एक बोट वर केलं, कप घेतला आणि दूरच्या टेबलावर एकटी बसली. पीत पीत अर्ध्यावर आली आणि तिचा हात थांबला. पुढची अर्धी कुणाची, असं वाटलं असावं. मग कप तसाच ठेवून ती निघून गेली. मला रडू फुटत होतं आणि माझ्या हातात कसलं तरी निळं सरबत होतं. ते मी कुंडीत ओतलं.

म्हैसूरला परतल्यावर अक्काने फिरायची वेळ बदलली. मी तिच्या घरी बेसनाचे लाडू घेऊन गेले. "कशाला त्रास घेतलात?" म्हणाली, आणि डबा त्याच दिवशी धुऊन परत केला. त्यात साखरही घातली होती, रिकामा डबा परत करत नाहीत म्हणून. शिष्टाचारात कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं की ती विषय बदलायची. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने पेपर खाली ठेवला. म्हणाला, "तिच्या जागी तू असतीस तर?" मी म्हटलं, मी असते तर त्या साहेबाच्या समोर तिला सोलून काढलं असतं. "आणि तिने काय केलं?" त्याने विचारलं.

तीन आठवड्यांनी अध्यक्षीणबाईंच्या घरी मंडळाची बैठक होती. सहलीच्या आठवणी सांगायच्या, फोटो बघायचे. बिसीबेळे भात झाला, बुंदी झाली, आणि अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अक्का, तुमच्यावर म्हणे सरबताचा अभिषेक झाला! मी मेली केबिनमध्ये लिंबू हुंगत पडले होते. सांगा की काय झालं."

मी हातातला चमचा खाली ठेवला. म्हटलं, आता येतं सगळं बाहेर. येऊ दे. तिचा हक्क आहे.

अक्काने पदर सावरला आणि रंगात येऊन सांगायला लागली. जहाज कसं कलंडलं, कानात सरबत कसं गेलं, त्या गृहस्थांच्या पोटावर कसं तळं झालं. बायका हसून हसून लोळायला लागल्या. "मग तो साहेब आला कात्री घेऊन. मी तर घाबरले कणे! तर ही," अक्काने माझ्याकडे बोट केलं, "ही उठून उभी राहिली. म्हणाली, साब, ये मेरा अक्का है. मैंने दिया. काटना है तो काटो! हात पुढे केला हिने! तो बिचारा सॉरी म्हणून पळाला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं बाई तुला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मैत्रीण असावी तर अशी."

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती बुंदीची वाटी पुढे सरकवत होती. मी हसून मान डोलावली असती तर ते कायमचं मिटलं असतं, आणि अक्का जन्मभर मला 'तुम्ही' म्हणत राहिली असती.

"खोटं आहे हे," मी म्हणाले. "मी असं काही म्हटलं नाही. मी म्हटलं, मैंने नहीं दिया, इन्होंने ले लिया. मीच दिलं होतं. मीच तिला म्हटलं होतं घे म्हणून. आणि सगळा आळ हिने स्वतःवर घेतला."

टाळ्या थांबल्या. कुणाला कुठे बघावं कळेना. लाल पट्टीकडे बघणाऱ्या सुनेवर पाळत ठेवणाऱ्या सासूबाईसुद्धा खाली बघायला लागल्या.

आणि अक्का भडकली. "तुला काही अक्कल आहे का गं?" घर दणाणलं. "एवढं छान सांगत होते मी! तोंड बंद ठेवायला काय झालं होतं? त्या दिवशी उघडलंस, आज पण उघडलंस, दोन्ही वेळा चुकीच्या जागी!"

"मग तू का खोटं सांगितलंस? माझी लाज राखायला?"

"तुझी?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझी गं! पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, ही माझी बहीण आहे म्हणून. माझी बहीण अशी निघाली, हे कसं सांगू मी? कागदाची पट्टी होती गं ती. कागदाची."

मी सगळ्या बायकांसमोर तिचे पाय धरले. ती "साकु, साकु, पुरे, नाटक बेडा" म्हणत राहिली, पण तिने पाय मागे घेतले नाहीत. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईने सगळ्यांना कॉफी विचारली. अक्का म्हणाली, "मला नको. मला घरी सोड आता. गाडी आणलीयस ना?"

मी स्कूटर काढली. अक्का मागे एका बाजूला बसली, एक हात माझ्या खांद्यावर. पहिल्या वळणावर मला जे रडू आलं ते काही आवरेना. हेल्मेटमध्ये रडण्यासारखी गैरसोय नाही, डोळे पुसता येत नाहीत आणि काच आतून धुरकट होते. समोरची बस मला दिसेना.

"मुंदे नोडे!" अक्का मागून किंचाळली. पुढे बघ! आणि तिने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. ती उतरली, माझं हेल्मेट काढलं, पदराने काच आतून पुसली, मग त्याच पदराने माझं तोंड पुसलं.

"नीट बघून चालव," ती म्हणाली. "मला अजून तुझ्याशी पुष्कळ भांडायचंय."